अडलंय काय, कुलूप की दार?

जुनी पद्मिनी घेऊन गॅरेजला येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कुलूप गेलंय, नवीन टाका." नवीन आणू कुठून? कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची बंद होऊन दोन दशकं उलटली. चोर बाजारात मिळतं तेही कुणाच्या तरी गाडीतून काढलेलं, तेवढंच झिजलेलं. आणि कुलूप सहसा गेलेलं नसतंच, चोंदलेलं असतं.

आधी दोष शोधा. किल्ली फिरते ते कुलूप वेगळं, दार चौकटीला धरून ठेवतो तो लॅच वेगळा. किल्ली फिरतच नसेल तर कुलपाकडे बघा. ती मोकळी फिरते पण दार हलत नाही, मग लॅच नाहीतर दोघांना जोडणारी सळई. आणखी एक भानगड असते बिजागरीची. दाराला लोंबकळत उतरायची सवय असली की बिजागरीची पिन झिजते, दार खाली बसतं, लॅच घासायला लागतो. दार खालून धरून थोडं उचला. तेवढ्यानं उघडलं तर कुलपाला हातच लावू नका, बिजागरी बघा.

कुलपाच्या पोटात एक गोल गाभा असतो. त्यात पातळ पितळी पत्त्या आणि प्रत्येकीला केसाएवढी स्प्रिंग. किल्लीच्या खाचा या पत्त्या नेमक्या उंचीला आणतात, तेव्हाच गाभा फिरतो. एक पत्ती अडली की संपलं. मालक मात्र दर पावसाळ्यात प्रेमानं इंजिन ऑइल सोडत राहतो! तेल धूळ धरतं, धुळीचा चिखल होतो, चिखलात पत्त्या रुततात. निष्काळजी माणसांपेक्षा असल्या काळजीवाल्यांचीच कुलपं माझ्याकडे जास्त येतात.

काढायचं काम सगळं आतून. दार बंदच अडलं असेल तर दुसऱ्या दारानं शिरा. पुढचं सीट सलग आणि गिअर स्टिअरिंगपाशी असलेल्या पद्मिनीत सरकायला अडचण नाही. काच पूर्ण वर चढवा. काच फिरवायच्या हँडलमागची चकती दाबली की मागची पिन किंवा क्लिप दिसते, ती काढा. मग दाराच्या आतल्या बाजूचं रेक्झिनचं पॅड. आतला पुठ्ठा ओलीनं फुगलेला असतो, ओढला की फाटतो. प्रत्येक क्लिपखाली पुट्टीची रुंद पट्टी घालून हळूहळू सोडवा. बंद दारात पॅडची कड चौकटीत अडते. तिथे घाई करणाऱ्याला मी हात लावू देत नाही. सळया सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बाहेरच्या हँडलचे नट गंजलेले असले तर गंज सोडवायचं तेल लावून रात्रभर ठेवा. हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. जोर लावला की वाकत नाही, मोडतं.

गाभा बाहेर ओढताना किल्ली आतच ठेवायची, नाहीतर पत्त्या-स्प्रिंगा उडतात आणि मग गॅरेजची फरशी चाचपत बसा. सगळ्या पत्त्यांची उंची सारखी नसते, म्हणून काढाल त्याच क्रमानं चिकटपट्टीवर लावा. पेट्रोलमध्ये मऊ ब्रशनं धुवा, उघड्यावर, विडी विझवून. सुकलं की ग्रॅफाइटची पूड. तेलाचा थेंबही नको. ग्रीस द्यायचं ते लॅचला, तेही बेतानं.

किल्ली झिजली असेल तर तिच्यावरून डुप्लिकेट काढू नका, झीजसुद्धा जशीच्या तशी उतरते. गाभा हातात आहे तोवर चावीवाल्याला पत्त्यांवरून किल्ली कापायला सांगा. बाहेरच्या हँडलखालचा रबर कडक झालेला असतो. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला छान बसतो. दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा, पावसाचं पाणी तिथूनच जातं.

जोडणी झाली की लगेच दार आपटू नका. दार उघडंच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरनं लॅच बंद करा, किल्लीनं लॉक करा, परत उघडा, बाहेरच्या आणि आतल्या हँडलनं सोडवून बघा. हे सगळं चाललं की मग काच खाली करून दार लावा. पॅड त्यानंतर.