लाल डोळा आणि घरचे उपाय: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली. शाळकरी मुलांमध्ये दिसू लागलेली ही साथ काही दिवसांत हजारो जणांपर्यंत पोहोचली. पाठोपाठ पिंपरी-चिंचवडमध्ये आणि मग राज्यभर रुग्ण वाढले. ऑगस्टपर्यंत राज्यातला आकडा लाखांवर गेला. साथ ओसरली, पण त्या काळात घरोघरी फिरलेले उपाय अजूनही सांगितले जातात: गुलाबपाणी, मध, तूप, कांद्याचा रस, आईचं दूध.

भोसरी, पिंपरी, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात हे उपाय जास्त घातक ठरतात, कारण इथे डोळा लाल होण्याची कारणं अनेक आहेत. साथ असते, ग्राइंडिंगचा कण असतो, वेल्डिंगची आर्क असते, खेड-मावळच्या शेतातलं भाताचं कुसळही असतं. वरून चारही डोळे सारखेच लाल दिसतात. आत चार वेगळे आजार असतात, आणि त्यांतले काही दृष्टी घेऊन जातात.

गैरसमज: डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं की आपलेही येतात.

वस्तुस्थिती: नजरेतून संसर्ग होत नाही, तो हातातून होतो. डोळ्यातलं पाणी बोटांना लागतं, बोटं नळाला, दाराच्या कडीला, मशीनच्या बटणाला, मोबाइलला लागतात. तिथून विषाणू दुसऱ्याच्या हातावर आणि मग डोळ्यात जातो. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, टॉवेल एकच असतो आणि उशांची अदलाबदल होते, तिथे चष्मा घालून साथ थांबत नाही. साबण-पाण्याने हात धुणं सर्वांत खात्रीचं. साथीच्या डोळ्यांमागे बहुधा असणाऱ्या ॲडेनोव्हायरस आणि एन्टरोव्हायरसवर सॅनिटायझर तितकासा चालत नाही.

गैरसमज: मध, गुलाबपाणी, तूप नैसर्गिक आहे, गुण आला नाही तरी अपाय होणार नाही.

वस्तुस्थिती: डोळ्यात जाणारी वस्तू निर्जंतुक असावी लागते. स्वयंपाकघरातल्या मधाच्या बरणीची किंवा त्वचेसाठी विकल्या जाणाऱ्या गुलाबपाण्याची तशी हमी नसते. कांदा, लिंबू, आलं यांचा रस तर डोळ्याला भाजतो. त्यानंतर वाहणारं पाणी म्हणजे घाण बाहेर पडणं नव्हे. ती डोळ्याने केलेली तक्रार असते. आयुर्वेदातही नेत्रोपचार आहेत, पण ते डोळा तपासून, तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीखाली करायचे असतात. चमच्यात घेतलेलं घरचं तूप म्हणजे ते उपचार नव्हेत.

मग अनेकांना गुण आल्यासारखं का वाटतं? कारण विषाणूमुळे आलेले डोळे बहुतेक वेळा एक ते दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत, आपोआप बरे होतात. त्या दिवसांत मध घातला तर श्रेय मधाला मिळतं. काही न घालताही तेच झालं असतं.

गैरसमज: बाळाचे डोळे चिकटले तर आईचं दूध घालावं.

वस्तुस्थिती: आईचं दूध बाळाच्या पोटासाठी अमृत आहे, पण ते डोळ्याचं औषध नाही. नवजात बाळाच्या डोळ्यातून पहिल्या काही दिवसांत पू येऊ लागला, पापण्या सुजल्या, तर जन्मावेळी झालेला जिवाणूसंसर्ग असू शकतो. गोनोरियाच्या जंतूचा संसर्ग असेल तर बुबुळाला थोड्याच काळात भोक पडू शकतं. अशा बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. काजळही घालू नये. त्यात शिसं असू शकतं, आणि घालणाऱ्या बोटावर जंतू असतात.

गैरसमज: आर्क लागली की बटाट्याच्या चकत्या ठेवाव्यात, दूध घालावं.

वस्तुस्थिती: वेल्डिंगच्या झोतातली अतिनील किरणं बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, भाजतात. त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. वरचा थर साधारण एक ते तीन दिवसांत भरून येतो. तोवर डोळा मिटून विश्रांती घ्यावी, मिटलेल्या पापणीवर स्वच्छ, गार पाण्याची घडी ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत. सोलपटलेल्या कॉर्नियावर दूध किंवा बटाट्याचा रस गेला तर जंतूंना आयती वाट मिळते. बधिर करणारे थेंब मागून आणून वारंवार घालणं त्याहून वाईट: दुखणं थांबतं, जखम मात्र भरत नाही.

गैरसमज: कचरा गेला तर जोडीदार रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढून देतो.

वस्तुस्थिती: धूळ किंवा पापणीचा केस स्वच्छ पाण्याने धुऊन निघतो. ग्राइंडरचा तापलेला लोखंडी कण कॉर्नियात रुततो आणि लवकरच भोवती गंज धरतो. काडीने उकरलं की जखम खोल होते, जंतू आत जातात. हातोडा-छिन्नी किंवा ग्राइंडरवरून वेगाने उडालेला कण थेट बुबुळाच्या आत शिरू शकतो, आणि बाहेरून जखम जेमतेम दिसते. असा डोळा चोळू नये, दाबू नये. वाटीसारखं काही वर झाकून थेट रुग्णालय गाठावं.

गैरसमज: मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांनी मागे बरं वाटलं होतं, तेच पुन्हा आणावेत.

वस्तुस्थिती: लाली झटकन उतरवणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. भाताच्या कुसळाने किंवा उसाच्या पात्याने डोळ्याला ओरखडा उठला असेल तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्यावर स्टेरॉइड गेलं की लाली कमी दिसते आणि आत बुरशी फोफावते. मग बुबुळावर फूल पडतं, आणि नजर परत आणायला नेत्ररोपणाचीच वाट पाहावी लागते.

गैरसमज: चुना किंवा ॲसिड गेलं तर दूध-तूप घालून आग शमवावी.

वस्तुस्थिती: इथे एकच उपाय आहे, तो घरचाच आहे आणि त्याला क्षणाचाही उशीर नको: भरपूर पाणी. नळाखाली पापण्या उघडून किमान १५ ते २० मिनिटं डोळा धुवा, मग रुग्णालयात जा. तंबाखूच्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब मुलांच्या हाती लागू देऊ नका. ट्यूब दाबली की चुन्याची पिचकारी थेट डोळ्यात जाते, आणि चुना कॉर्निया जाळत आत उतरतो.

घरी काय करावं?

पाणी उकळून थंड करावं, स्वच्छ कापूस भिजवून चिपडं बाहेरच्या बाहेर पुसावीत, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा. आलेल्या डोळ्यांना गार घडी सुखावते. रांजणवाडीला कोमट शेक दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. ती पिळू नये. टॉवेल, उशी, थेंबांची बाटली वेगळी ठेवावी. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावी. थोडक्यात, घरचा उपाय पापणीच्या बाहेर थांबतो. डोळ्यात जायचं असेल तर एकतर अपघाताच्या वेळचं स्वच्छ पाणी, नाहीतर तपासून दिलेलं औषध.

नजर अंधूक झाली, तीव्र दुखलं, उजेड सोसेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, कण किंवा पातं लागलं, तर एक दिवसही थांबू नये. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, मासुळकर कॉलनीतलं महापालिकेचं नेत्र रुग्णालय, चाकणचं ग्रामीण रुग्णालय आणि पुण्याचं ससून आपल्यासाठीच आहेत.

कामगार घरच्या उपायावर अडून राहतो तो बहुधा खाडा पडेल या भीतीने. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) विमापत्र असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि कामावर झालेल्या इजेने तात्पुरतं अपंगत्व आलं तर ९० टक्के. चिंचवडच्या मोहननगरात ईएसआय रुग्णालय आहे. कारखानदारांनीही आपली जबाबदारी ओळखावी. कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यातच, ३५व्या कलमात, केली गेली होती. गॉगल कपाटात ठेवायला नसतो, आणि डोळे आलेल्या माणसाला शिफ्टवर बोलावणं म्हणजे साऱ्या शिफ्टला साथ देणं. बुडालेला रोज पुन्हा मिळवता येतो, गेलेली नजर बहुतेक वेळा मिळवता येत नाही. म्हणून डोळा लाल झाला तर आधी तो दाखवा, मग त्यात काय घालायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.