घाटकोपरची शटरं, माथेरानच्या गाद्या

गुलमर्गला बर्फ पडला की हंगाम लागतो, माथेरानला पाऊस गेला की. पण माथेरानच्या छोट्या लॉजमालकाचं लक्ष असतं घाटकोपर-मुलुंडच्या शटरांकडे. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजल्या की तिथले अनेक गुजराती-कच्छी व्यापारी थेट लाभपंचमीला दुकान उघडतात. मधल्या दिवसांत त्यांतली बरीच कुटुंबं कर्जत लोकल धरून नेरळला उतरतात. काहींच्या घरी हा शिरस्ता आजोबांपासूनचा आहे. त्यामुळे लॉजवाल्याच्या हातात दसरा ते लक्ष्मीपूजन एवढेच दिवस. जेमतेम वीस.

तेवढ्यात चार महिन्यांचा पाऊस घरातून बाहेर काढायचा. माथेरान आठशे मीटर उंचीवर, वर्षाचा पाऊस साधारण पाच हजार मिलिमीटर. जूनपूर्वी पडवीला लावलेली ताडपत्री आता उतरते आणि आतून कोंदट, बुरशीचा वास अंगावर येतो. आधी गाद्या बाहेर. कापसाची गादी ओल धरते तेव्हा एकट्या माणसाला उचलत नाही. दोघं धरतात, अंगणात बाजेवर टाकतात, दुपारी उलटतात आणि एक मूल काठी घेऊन माकडांवर राखणीला बसतं. खिडक्यांच्या जाळ्या तपासायच्या त्याही माकडांसाठीच. कड्या गंजलेल्या असतात, त्यांना खोबरेल तेल. पायऱ्या जांभ्या दगडाच्या. त्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं नाही, तर पहिल्याच दिवशी कुणाची तरी आजी घसरायची.

हे सगळं कोकणातल्या कुठल्याही घराला चुकलेलं नाही. माथेरानची खरी गोष्ट सुरू होते दस्तुरी नाक्यावर.

इथे मोटारीचा रस्ता संपतो. पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल माती, आणि मालाची वाहतूक मुख्यतः घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. तांदळाचं पोतं, रंगाचे डबे, नवा कमोड, पाण्याची टाकी, सगळ्यांची वाट हीच. व्यावसायिक सिलिंडरमध्ये गॅस १९ किलो, लोखंड धरलं तर वजन जवळपास दुप्पट. भाव करताना घाटकोपरचं गिऱ्हाईक ‘तुमच्याकडे सगळं महाग’ म्हणतं, तेव्हा ते या ओझ्याचेच पैसे मोजत असतं.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर इथे बंगले उठू लागले. सामान्य प्रवाशाची सोय झाली ती १९०७ मध्ये. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे सोळा लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान ही दोन फुटी गेजची रेल्वे बांधली. एका व्यापारी घराण्याने बांधलेल्या गाडीने मुंबईचे व्यापारी वर येऊ लागले. पावसाळ्यात ही गाडी नेरळपासून बंद असते, चालते ती फक्त अमन लॉज स्थानक ते माथेरान शटल. जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केलं आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. मधल्या काळातही हंगाम झालेच, लोक टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आले. पण गाडी सुरू झाल्याची बातमी आली की लॉजचे फोन जास्त वाजतात. लहान मुलांना माथेरान म्हणजे ती गाडीच.

डोंगरावरची ओढाताण मात्र आता न्यायालयाने मोजायला घेतली आहे. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारींवर बंदी आहे. हातरिक्षांचे परवाने ९४. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणूस ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. घोडेवाल्यांना ई-रिक्षा वाढल्या तर पोटावर पाय येईल अशी भीती वाटते. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी मात्र ई-रिक्षांसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली होती. दोघांची बाजू खरी आहे. तरी चढावर तीन माणसांनी मिळून ओढलेली रिक्षा ज्याने एकदा जवळून पाहिली, त्याला या निकालावर वाद घालावासा वाटणार नाही.

स्वयंपाकघर सर्वांत शेवटी लागतं आणि तिथे चूक चालत नाही. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, म्हणून त्यांची भांडी वेगळी मांडली जातात. चौविहार पाळणाऱ्यांचं ताट सूर्य मावळायच्या आत वाढावं लागतं. कार्तिकात डोंगरावर सहाच्या सुमारास अंधारतं, म्हणजे पोळ्यांचा तवा साडेचारला तापलेला हवा. आठ खोल्यांच्या लॉजात रात्रीचं जेवण दोनदा होतं: एकदा दिवसाउजेडी, एकदा नऊ वाजता.

लाभपंचमीपर्यंत खोल्या रिकाम्या होतात. धुतलेल्या चादरी वाळत पडतात आणि रिकामी सिलिंडरं घोड्यावर लादून दस्तुरीला उतरतात. नाताळच्या आधी ती भरून वर यायला हवीत.