वाळूशी भांडणारी बंदरं

क्युपर्टिनोला समुद्र नाही. गावातून वाहणारा स्टीव्हन्स क्रीक नावाचा ओढा माउंटन व्ह्यूपाशी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळतो खरा, पण उन्हाळ्यात त्यात पाय बुडायचीही मारामार. १७७६ साली हुआन बाउतिस्ता दे आन्साच्या तुकडीने या ओढ्याला सान होसे दे कुपर्तिनो या इटालियन संताचं नाव दिलं आणि गावाचं नाव त्यावरून पडलं. आन्साची माणसं आली ती घोड्यांवरून. हा एवढा अवाढव्य उपसागर स्पॅनिश लोकांना समुद्रातून कधी सापडलाच नाही. काब्रीयो नावाचा दर्यावर्दी १५४२ मध्ये या किनाऱ्याने वर गेला, पुढे दोनशे वर्षं मनिलाहून मेक्सिकोकडे जाणारी गलबतं याच किनाऱ्याच्या बाहेरून खाली उतरत राहिली, पण गोल्डन गेटची जेमतेम दीड-दोन किलोमीटरची फट धुक्यात कुणाला दिसली नाही. १७६९ मध्ये पोर्तोलाच्या पायी चाललेल्या तुकडीला डोंगरावरून आतलं पाणी दिसलं, तेव्हा हा उपसागर कळला. ‘सान कार्लोस’ हे पहिलं जहाज आत शिरलं ते १७७५ मध्ये.

हा किनारा असाच आहे, आसरा देताना हात आखडणारा. मुंबईहून दक्षिणेला निघालं की रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्या ठरावीक अंतराने येत राहतात. वारा फिरला, पाणी चढलं, की नाखवा गलबत आत घालणार हे ठरलेलं. कोकणचा व्यापार आणि आंग्र्यांचं आरमार या खाड्यांच्या जिवावर उभं राहिलं. मध्य कॅलिफोर्नियात तसं नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतात, नद्या लहान, आणि त्यांची मुखं वर्षातले कितीतरी महिने वाळूने बुजलेली. त्यामुळे इथली बंदरं बहुतेक बांधलेली आहेत, दगड टाकून आणि वाळू उपसून. नवरा-बायकोने शिडाच्या बोटीतून सॅन फ्रान्सिस्को ते सांता बार्बरा हा प्रवास करायचा म्हणजे खरं तर एका दगडी बांधापासून दुसऱ्या दगडी बांधापर्यंत जायचं.

बोट म्हटलं की आपल्या लोकांच्या भुवया वर जातात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारतं, ‘काय, शेअर विकले वाटतं?’ वास्तविक तीस-पस्तीस फुटांची, चाळीसेक वर्षं जुनी फायबरची बोट इथे नव्या मोटारीपेक्षा स्वस्तात मिळते. महाग असतं ते तिचं भाडं, म्हणजे मरीनामधली जागा, जिला इथे ‘स्लिप’ म्हणतात. म्हणून आमच्यासारखे बरेच जण भागीत बोट घेतात. कागदपत्रांचं ओझं फारसं नाही. २०२५ पासून कॅलिफोर्नियात कुठल्याही वयाच्या माणसाला इंजिनवर बोट चालवायची तर बोटर कार्ड लागतं, आणि शिडाच्या बोटीलाही धक्क्याला लावताना इंजिन लागतंच.

क्युपर्टिनोला सगळ्यात जवळचं जुनं बंदर अल्विसो. एकोणिसाव्या शतकात तिथून सॅन फ्रान्सिस्कोला आगबोटी सुटत. आता तिथे गाळ आणि लव्हाळं आहे, आणि बदकं बघायला येणारी माणसं. त्यामुळे आमची बोट रेडवूड सिटीला, घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर.

दक्षिणेला जायचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबर. उन्हाळ्यात आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचा वारा गोल्डन गेटमधून आत घुसतो. वायव्येचा हा वारा किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकलतो, खालून बर्फगार पाणी वर येतं आणि त्यावर धुकं धरतं. पाण्याचं तापमान बारा-तेरा अंश. पडलात तर पोहता येण्या-न येण्याने फार फरक पडत नाही, हातपाय काही मिनिटांत बधिर होतात. म्हणून बोटीवर पहिला नियम असा की अंगावरचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय रात्री कुणी वर यायचं नाही. शरदात हा सगळा प्रकार निवळतो. नोव्हेंबरात खेकड्यांचा हंगाम सुरू झाला की पिंजऱ्यांचे दोर पंख्यात अडकायची भीती, म्हणून त्याआधी खाली पोचलेलं बरं.

गोल्डन गेटमधून बाहेर पडणं हे ओहोटीचं गणित आहे. उपसागरातलं सगळं पाणी त्या एका फटीतून बाहेर जातं. उधाणाच्या दिवसांत त्याचा वेग पाच नॉट्सच्या आसपास जातो, आणि आमची बोट धावते पाच-सहा नॉट्सने. म्हणजे भरतीत निघालात तर पुलाखालीच उभे. पण ओहोटी ऐन भरात असताना निघणंही शहाणपणाचं नाही. बाहेर जाणारं पाणी पश्चिमेच्या लाटांवर आपटतं आणि लाटा उभ्या राहतात. उत्तरेच्या अंगाला ‘पोटॅटो पॅच’ नावाचा उथळ भाग आहे. बटाटे घेऊन येणाऱ्या बोटी तिथे उलटून बटाटे तरंगायचे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. तिकडे फिरकायचं नाही, मोठ्या जहाजांच्या बोयांची वाट धरायची.

पहिला मुक्काम हाफ मून बेचं पिलर पॉइंट बंदर. बे एरियातला प्रत्येक मराठी माणूस भोपळ्यांच्या दिवसांत मुलांना घेऊन या गावाला गेलेला असतो. बंदराच्या बाहेरच मॅव्हरिक्स आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या लाटांवर स्वार होणाऱ्यांची पंढरी. अशा जागेशेजारी बंदर म्हणजे बाहेरचा बांध भक्कम हवाच. तो १९६० च्या आसपास झाला, बोटी सुरक्षित झाल्या, आणि बांधाच्या दक्षिणेचा किनारा झिजायला लागला.

कारण समजून घेतलं की पुढची सगळी बंदरं समजतात. इथे लाटा वायव्येकडून तिरक्या येतात आणि वाळूला किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे ढकलत नेतात. मध्ये दगडी बांध घातला की वाळू त्याच्या वरच्या अंगाला अडते, टोकावरून वळसा घालून बंदराच्या तोंडात बसते, आणि खालच्या गावाला वाळू पोचतच नाही.

हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं तर सांताक्रूझ. पिजन पॉइंटचं ११५ फुटी दीपगृह आणि एलिफंट सीलचं आन्यो नुएव्हो ओलांडून आलं की मॉन्टेरे उपसागराच्या उत्तर कडेला हे बंदर. वुड्स लगून नावाच्या डबक्याचं बंदर करून ते १९६४ मध्ये सुरू झालं आणि पहिल्याच हिवाळ्यापासून तोंड बुजू लागलं. शेवटी बंदराने स्वतःचं वाळू उपसायचं यंत्रच घेतलं. नोव्हेंबर ते एप्रिल ते चालतं. धक्क्यावर उभं राहिलं तर आधी त्याचा घरघराट ऐकू येतो, मग जाड नळीतून काळसर वाळू-पाण्याचा लोट पूर्वेच्या किनाऱ्यावर धो धो पडताना दिसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाळूत कुजलेल्या शेवाळाचा तो वास. आसपासचे लोक त्याबद्दल तक्रार करतात आणि पुळणीवर फिरायलाही येतात. शेजारच्या कापितोला गावाची पुळण बंदर झाल्यावर नाहीशी झाली होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस तिथे आडवा बांध घालून आणि बाहेरून वाळू आणून ती पुन्हा करावी लागली.

सांताक्रूझला वाळूखेरीज आणखी एक दुखणं आहे. ११ मार्च २०११ ला जपानच्या भूकंपानंतरची त्सुनामी प्रशांत महासागर ओलांडून या चिंचोळ्या बंदरात शिरली, धक्के मोडले, बोटी एकमेकींवर चढल्या आणि कित्येक बुडाल्या. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाच्या ज्वालामुखीनंतर पुन्हा पाणी आत आलं. तरी इथली स्लिप मिळायला लोक वर्षानुवर्षं यादीत थांबतात.

आणि ही वाळू जाते कुठे? उपसागराच्या बरोबर मध्यावर मॉस लँडिंग आहे. बंदराच्या तोंडापासून काही शे मीटरवर समुद्राचा तळ फाटतो आणि मॉन्टेरे कॅन्यन सुरू होते. ग्रँड कॅन्यनच्या तोडीची दरी, पण पाण्याखाली. उत्तरेकडून वाहत आलेली वाळू इथे दरीत घसरते आणि किनाऱ्याला कायमची पारखी होते. खोल पाणी इतक्या जवळ असल्यामुळे व्हेलही किनाऱ्याजवळ येतात, हाकेच्या अंतरावर त्यांच्या श्वासाचा फवारा उडतो. बंदरात समुद्री ऊद पाठीवर तरंगत पोटावर शिंपले फोडत असतात. फरसाठी यांची इतकी शिकार झाली की ते संपलेच असं लोक धरून चालले होते. १९३८ मध्ये बिग सरच्या बिक्स्बी क्रीकपाशी पन्नासेक सापडले. आजचे सगळे कॅलिफोर्नियाचे ऊद त्या गोतावळ्यातले.

या दरीचा अभ्यास करणारी संस्था, मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट, मॉस लँडिंगलाच आहे. डेव्हिड पॅकार्ड यांनी ती १९८७ मध्ये काढली. १९८४ चं मॉन्टेरेचं मत्स्यालयही त्यांच्याच कुटुंबाच्या पैशातून उभं राहिलं. पॅकार्ड म्हणजे एचपीमधले ‘पी’, आणि क्युपर्टिनोत ॲपल पार्कची गोल इमारत उभी आहे ती एचपीच्या जुन्या आवारावर. आमच्या गावच्या पैशाने समुद्राला जे काही दिलं त्यात मला ही संस्था फार मोलाची वाटते.

मॉन्टेरेनंतर प्रवासाचा खरा कस. मोरो बेपर्यंत साधारण शंभर सागरी मैल एकही बंदर नाही. बिग सरचे कडे हायवे नंबर एकवरून कितीही सुंदर दिसोत, बोटीवरून ते नुसते काळे दिसतात. आमच्या बोटीला हे अंतर वीस तासांचं, म्हणजे रात्र पाण्यावर. तीन तास नवऱ्याने सुकाणू धरायचं, तीन तास मी. खाली झुलती शेगडी असते, बोट कितीही कलली तरी ती आडवीच राहते. तिच्यावर मऊ भात टाकायचा, मेतकूट-तूप घालायचं, आणि खोलगट वाडग्यातून चमच्याने खायचं. पोटात ढवळायला लागलं तर आलेपाक. पहाटे दोनला वर आले की नवरा म्हणतो, ‘अगं, डावीकडे दिसतोय तो पॉइंट सर, पंधरा सेकंदांनी लुकलुकेल,’ आणि माझं उत्तर ऐकायच्या आत खाली जाऊन घोरायला लागतो.

पॉइंट सरजवळच १२ फेब्रुवारी १९३५ ला अमेरिकन नौदलाचं ‘मेकन’ हे ७८५ फूट लांबीचं हवाई जहाज वादळात शेपटीचा पंख तुटून समुद्रात उतरलं. पोटात छोटी विमानं बाळगणारं हे जहाज मॉफेट फील्डवर राहायचं. १०१ हायवेवरून रोज दिसणारा तो प्रचंड हँगर वन त्याच्यासाठीच बांधलेला. त्याआधी दोन वर्षं ‘ॲक्रन’ या जुळ्या जहाजाच्या अपघातात ७३ माणसं गेली होती. त्यातून शहाणं होऊन मेकनवर तरंगायची जाकिटं ठेवली होती, म्हणून मेले फक्त दोघं. त्याचे अवशेष १९९० मध्ये सापडले, त्यात पॅकार्डांच्या संस्थेचा हात होता.

मोरो बेच्या तोंडाशी मोरो रॉक, जवळपास ५८० फुटांचा ज्वालामुखीचा सुळका. चुमाश आणि सॅलिनन लोकांचा तो पवित्र डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंत तो सुरुंग लावून फोडला, आणि त्याच दगडांनी मोरो बेचे आणि खालच्या पोर्ट सान लुइसचे बांध घातले. आज त्यावर चढायला बंदी आहे, ससाण्यांची घरटी असतात. आत शिरायची वाट मात्र अजून धोक्याची. लाटा तोंडावर फुटत असल्या तर कोस्ट गार्ड बंदर बंद करतं. मग रात्रभर बाहेर घिरट्या घालायच्या किंवा पुढचा रस्ता धरायचा. रेडिओवर चौकशी केल्याशिवाय इथे कुणी आत जात नाही.

धक्क्याला लागणं हा या प्रवासातला सगळ्यात सार्वजनिक भाग. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने दोर घेऊन उडी मारायची, आणि काठावरच्या बोटींतली मंडळी हातातले कप खाली ठेवून बघत बसलेली. अमेरिकन जोडपी कानाला हेडफोन लावून हळू आवाजात बोलतात. आमच्याकडे मराठीची सोय आहे, काय बोललो ते कुणाला कळत नाही. सूर कळतो, हे नंतर लक्षात आलं.

पुढे पॉइंट कन्सेप्शन. इथे किनारा एकदम पूर्वेला वळतो, वारे-लाटा दोन्ही बिथरतात. जरा अलीकडे, होंडा पॉइंटला, ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री धुक्यात नौदलाच्या सात विनाशिका एकामागून एक खडकावर चढल्या. २३ खलाशी मेले. पुढचं जहाज अंदाजाने चाललं होतं, किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राने दिलेली दिशा अधिकाऱ्यांना पटली नाही, सांता बार्बराची सामुद्रधुनी आली समजून त्यांनी डावीकडे वळण घेतलं, आणि मागच्यांनी मुकाट्याने त्याची वाट धरली. आता जीपीएस आहे, तरी पहाटेच्या शांततेत हे टोक ओलांडायचं हा नियम सगळे पाळतात.

वळसा घातला की हवा बदलते. जाकिटं उतरतात, पाणी निवळतं, आणि संध्याकाळी सांता बार्बराच्या पाहुण्यांच्या धक्क्यावर फुटामागे भाडं भरून माणूस गरम पाण्याने अंघोळ करतो. यीस्टच्या धंद्यातले कोट्यधीश मॅक्स फ्लाइशमन यांना आपली बोट लावायला जागा हवी होती, त्यांच्या देणगीने १९२० च्या दशकाच्या शेवटी इथला बांध झाला. आधी तो किनाऱ्यापासून सुटा ठेवला होता. आत वाळू भरायला लागली म्हणून १९३० मध्ये किनाऱ्याला जोडला. मग वाळू टोकावरून आत आली आणि पूर्वेच्या गावांचे किनारे खचले. तेव्हापासून इथेही उपसा चालू आहे, आणि किनारा-अभियंत्यांच्या पुस्तकांत हे बंदर धडा म्हणून येतं.

परतीचा प्रवास वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून बरीच जोडपी बोट खालीच ठेवतात किंवा पगारी कप्तानाकडून वर आणवतात. आम्ही कोस्ट स्टारलाइट गाडीने सॅन होजेला येतो. ही गाडी कन्सेप्शनच्या टोकाजवळून अगदी समुद्राच्या कडेने जाते. डाव्या बाजूची खिडकी मिळावी म्हणून लवकर जावं, आणि डबा घरूनच, म्हणजे बोटीवरूनच, करून न्यावा.