झऱ्यातला जुना ध्वनी

दर्यापूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. गाविलगडच्या डोंगरातून उतरलेली चंद्रभागा गावाजवळून वाहते आणि पुढे पूर्णेला मिळते. गावाचं नाव वऱ्हाडच्या इमादशाहीतल्या दर्या इमादशाहावरून पडलं, असं सांगतात. सोळाव्या शतकातला हा सुलतान, राजधानी जवळच अचलपूरला. ‘दर्या’ हा शब्द मात्र त्याच्याहून दोन हजार वर्षांनी तरी जुना आहे.

इ.स.पू. 500 च्या सुमारास इराणचा सम्राट पहिला दारयवहु याने नाईलपासून तांबड्या समुद्रापर्यंत कालवा खणवला आणि काठाने शिलालेख उभारले. त्यांतला एक 1866 मध्ये सुएझजवळ सापडला. त्यातल्या जुन्या फारसीत समुद्र आहे ‘द्रयह’, नदी आहे ‘रौता’ आणि नाईलच्या वाहण्यासाठी आलेलं क्रियापद आहे ‘दानु’ या शब्दाच्या कुळातलं. पाण्याच्या तीन मोठ्या घराण्यांची एकाच दगडावर गाठ पडते.

‘दानु’ ऋग्वेदातही आहे, ठिबकणाऱ्या द्रवाच्या अर्थाने. युरोपातल्या डॅन्यूब आणि डॉन या नद्यांची नावं त्याच्याच नात्यातली. ‘रौता’ म्हणजे आपलं ‘स्रोतस्’. इराणी बोलींत आरंभीचा ‘स’ गळाला आणि आजच्या फारसीत ‘रूद’ उरला. इस्फहानच्या नदीचं नाव झायंदेरूद आहे. ग्रीकांनीही तो ‘स’ टाकला. त्यांच्या वाहण्याच्या क्रियापदातूनच डॉक्टरांचा ‘डायरिया’ आला. इंग्रजांच्या पूर्वजांनी उलट केलं: ‘स’ आणि ‘र’ यांच्यामध्ये ‘त’ घातला, म्हणून त्यांचा ‘स्ट्रीम’.

‘द्रयह’चा वैदिक भाऊ ‘ज्रयस्’, म्हणजे विस्तार. संस्कृत ‘ज’ आणि फारसी ‘द’ हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत समुद्र ‘ज़्रयह’ आणि हात ‘ज़स्त’ आहे. फारसीत हाताचा ‘दस्त’ झाला. आपण दस्तखत करतो तेव्हा हाच ‘द’ उच्चारतो. भाषाविज्ञानाचा सारा भरवसा अशा नेमाने होणाऱ्या बदलांवर आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्याने नातं ठरत नाही. तोच बदल दुसऱ्या, तिसऱ्या शब्दातही दिसावा लागतो. अर्थ मात्र असे नेम पाळत नाहीत. मध्य आशियातले अमूदर्या आणि सीरदर्या नद्या आहेत, मराठीतला दर्या समुद्र.

आता झऱ्याकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल. ऋग्वेदात नद्या ‘क्षरतात’, म्हणजे वाहतात. ‘अक्षर’ म्हणजे जे पाझरून संपत नाही ते. प्राकृतात या ‘क्षर’चा ‘झर’ झाला, आणि त्यातून मराठीत झरा, झरणे, पाझरणे आले. पण संस्कृत ‘क्ष’चा प्राकृतात बहुधा ‘ख’ होतो. ‘क्षीर’ची खीर होते, झीर होत नाही. मग इथेच ‘झ’ का? बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिताना हे टिपलं आहे: ‘क्ष’चा ‘ख’, क्वचित ‘छ’ आणि ‘झ’. ‘क्षीयते’वरून आलेलं आपलं ‘झिजणे’ त्या क्वचितांतलंच.

हे ‘क्वचित’ उलगडलं ते अवेस्ताशी तुलना झाल्यावर. तिथे वाहण्याचा धातू ‘ग़्झर’ आहे, घोषयुक्त, म्हणजे घशात नाद घुमवून उच्चारलेला. दुधाच्या इराणी शब्दात मात्र तो घोष नाही. फारसीत दूध म्हणजे ‘शीर’. म्हणजे फार पूर्वी हे दोन वेगळे ध्वनी होते. संस्कृतात दोन्ही मिसळून एकच ‘क्ष’ झाला. प्राकृताच्या मागे ज्या बोली होत्या, त्यांतल्या काहींनी तो भेद जपला.

याचा अर्थ एवढाच की ‘झरा’ हा ‘क्षर’चा बिघाड नव्हे. त्याच्या ‘झ’मध्ये ऋग्वेदाच्या भाषेने गमावलेल्या घोषाची खूण आहे. बोलीतल्या शब्दाला अपभ्रष्ट म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्याला जडली आहे, आणि तिला उत्तर द्यायला हा एक शब्द पुरेसा आहे. राल्फ टर्नर यांनी 1966 मध्ये पूर्ण केलेल्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात अशा हजारो घरगुती शब्दांना संस्कृताइतक्याच गांभीर्याने जागा मिळाली आहे.

दर्यापूरचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या थरांत क्षार साठले आहेत आणि विहिरींचं पाणी खारं लागतं, त्यामुळे इथे पाणी जमिनीवर अडवावं की मुरू द्यावं हा प्रश्न शेतकऱ्याच्या रोजच्या हिशेबातला आहे. ‘क्षार’चा झाला ‘खार’, ‘प्रक्षर’चा झाला ‘पाझर’. एकाच ‘क्ष’च्या या दोन वाटा एकाच शिवारात रोज बोलल्या जातात. आणि सरकारी कागद संस्कृत शब्दांनी कितीही भरलेले असले, तरी पाणी जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेल्या तळ्याला अभियंते मंजुरीच्या आदेशात ‘पाझर तलाव’च लिहितात.