वसंतातली बाग आणि कुंभाराचं गाढव

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर बागेवर काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. मी कारणाबद्दलच बोलणार आहे. कार्यकारणाचा घोटाळा आपण परसात जितका करतो तितका क्वचितच दुसरीकडे करत असू. चैत्र-वैशाखात तर तो झाडाच्या जिवावर बेततो.

आधी आपला वसंत कसा आहे ते पाहू. थंड प्रदेशातल्या बागकामाच्या पुस्तकांत वसंत म्हणजे बर्फ वितळलं, माती उबदार झाली; आता पेरा, छाटा, कुंड्या बदला. पुणे, सातारा, सोलापूर या देशावरच्या भागात वसंत म्हणजे उन्हाळ्याचं दार. पाऊस ऑक्टोबरातच संपलेला असतो, हवा कोरडी आणि पुढे दोन-अडीच महिने ऊन. ती पुस्तकं इथे तशीच्या तशी वापरली तर अवघड आहे.

या दिवसांत कडुनिंब पाहिलाय? एकीकडे पिवळी पानं अंगणभर झाडतो आणि लगेच तांबूस पालवी धरतो. पिंपळ, करंज यांचंही साधारण तेच. जमिनीत पाणी कमी, मग पालवी येते कुठून? तर जुनी पानं वाफेच्या रूपाने पाणी घालवत असतात. ती गळली की हा खर्च थांबतो. खोल गेलेली मुळं जे थोडं पाणी ओढतात ते खोडात साठत जातं आणि मग डोळे फुटतात. म्हणजे पानगळ हा आजार नव्हे, पालवीच्या कारणांपैकीच ती एक आहे. आपण मात्र पानं गळताना पाहून घाबरतो आणि बादलीभर पाणी ओततो. आठवड्याने पालवी आली की म्हणतो, पाहा, पाणी घातलं म्हणून आली! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

कागदी लिंबाचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘रोज पाणी घालतो, झाड हिरवंगार आहे, पण लिंबू धरत नाही,’ ही तक्रार मी किती वेळा ऐकली असेल! अहो, रोज पाणी घालता हेच त्याचं एक कारण असू शकतं. आपले बागायतदार झाडाला ताण देतात, म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडतात. वाढ थांबते, काही पानं गळतात. मग खत-पाणी दिलं की बहार फुटतो. आंबे बहारासाठी हा ताण साधारण डिसेंबरात देतात, मृग बहारासाठी एप्रिल-मे मध्ये. हस्त बहार सगळ्यात अवघड, कारण ताण द्यायच्या वेळी पाऊस असतो. पण त्याची लिंबं उन्हाळ्यात येतात आणि तेव्हाच त्यांना भाव असतो. हे जमिनीतल्या, वाढलेल्या झाडाचं सांगतोय हं. कुंडीतल्या रोपावर आज घरी जाऊन हा प्रयोग करू नका. कुंडीतली मूठभर माती एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत कोरडी ठणठणीत होते.

कुंडीतल्या झाडाला पाणी हवंय हे मग ओळखायचं कसं? दुपारी दोन वाजता जास्वंद मान टाकते. मुळं जितकं पाणी देतात त्याहून जास्त पानांतून जात असतं, म्हणून. संध्याकाळी ती आपोआप सावरते. सकाळी सातलाही पानं लोंबलेली दिसली तर काळजी करा. तरीही आधी बोट मातीत दोन पेरं घालून बघा. माती ओली आणि झाड मलूल, तर बहुधा मुळं कुजताहेत. त्यावर आणखी पाणी म्हणजे विषच. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं.

आता ते गाढव. आपल्या नैयायिकांनी एक छान भेद केला आहे. मडकं घडायच्या आधी कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. ते आधी होतं म्हणून मडक्याचं कारण ठरतं का? नाही. माती बैलगाडीतूनही आली असती. अशा गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. तर याच दिवसांत जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो आणि मुंग्यांची रांग लागते. आपण मुंग्यांची पावडर आणतो. पण रस शोषतो तो पिठ्या ढेकूण. मुंग्या येतात त्याच्या गोड स्रावासाठी. मात्र हे गाढव अगदीच निर्दोष नाही! ढेकणांना खाणाऱ्या ढालकिड्यांना मुंग्या हुसकावून लावतात. म्हणून शेंडे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, फारच माखलेला शेंडा खुडून टाका, संध्याकाळी निंबोळी तेल फवारा आणि मुंग्यांची वाटही तोडा.

बाकी कामं थोडी आहेत. गळलेली पानं जाळू नका. दोन-तीन इंच जाडीचा थर झाडाबुडी पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, काहीही चालेल. पाणी पहाटे द्या. पश्चिमेच्या गॅलरीत जुनी सुती साडी बांधा. कोथिंबीर फुलोऱ्यावर आली तर तिच्याशी भांडू नका, धने धरू द्या. युरियाच्या वाटेला जाऊ नका, चांगलं कुजलेलं खत मूठभर पुरे.

मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलंय, गुलाब आत्ता छाटू का? नको. आपल्याकडे त्याची मुख्य छाटणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. आत्ता छाटलात तर कोवळे फुटवे उन्हात करपतील. सुकलेली फुलं तेवढी काढत राहा. कुंडी बदलायची असेल तर तीही मृगाचा पाऊस बऱ्यापैकी पडल्यावर.