तीन लिटर ऑइल, बाकी सल्ले

सकाळी ८.४०
मुलुंड पश्चिमेला एलबीएस मार्गावरून आत वळणारी गल्ली. शटर अर्धं वर गेलंय. मी आज दिवसभर इथेच बसून बघणार. दहा बाय पंधराचा गाळा. आत एक टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि कोपऱ्यात निळा ड्रम. गाडी आत मावत नाही, म्हणून सगळं काम गल्लीतच. खड्डा नाही, लिफ्ट नाही. जॅक आहे, दोन लोखंडी स्टँड आहेत आणि अंगाखाली टाकायला जुन्या फ्लेक्सचा तुकडा आहे. त्यावर कुण्या भावी नगरसेवकाचा अर्धा चेहरा हसतोय. मिस्त्री दिवसभर त्याच्यावर पाठ टेकून काम करतो.

मिस्त्री पंचेचाळिशीचा, मूळचा संगमेश्वरकडचा. मुलुंडच्याच आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झाला. मग बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजात काढली आणि शेवटी हा गाळा भाड्याने घेतला. हाताखाली एक पोरगा. पगार बारा हजार, चहा आणि वडापाव वरून. रात्री पाऊस झालाय. पोरगा ओल्या गल्लीत सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकतो, झाडतो, मग गणपतीच्या फोटोला अगरबत्ती लावतो. हात मात्र अगरबत्ती लावून झाल्यावर धुतो. मिस्त्री ओरडत नाही.

सकाळी ९.१०
पहिलं गिऱ्हाईक भांडुपचा रिक्षावाला. पहाटे पाचला गाडी काढलीय, दोन वाजता दुसऱ्या पाळीवाल्याच्या हातात द्यायची. इथे थांबेल तेवढा वेळ मीटर बंद.

मिस्त्री थोडं ऑइल बोटावर घेतो.

‘बघ ना, अजून पिवळं धमक आहे,’ रिक्षावाला म्हणतो. ‘स्टँडवर सगळे बोलतात, सीएनजीला ऑइल खराबच होत नाय. काळं झालं की बदलू.’

स्टँडवरचं बोलणं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलंय. सीएनजी जळताना काजळी फारशी धरत नाही, त्यामुळे ऑइलचा रंग शाबूत राहतो. पण तापायचं ते तापतंच. तापून तापून दाट होत जातं, त्यात घातलेली रसायनं संपतात. रंग यातलं काहीच सांगत नाही.

मिस्त्री एवढं बोलत बसत नाही. विचारतो, ‘शेवटचं कधी बदललं?’

‘होळीच्या आधी.’

‘दोन्ही पाळ्या मिळून किती चालते?’

‘दीडशे किलोमीटर.’

‘मग रंग काय बघतोस? आकडा बघ.’

रिक्षावाला मनात गुणाकार करतो आणि गप्प होतो. पण त्याचा दुसरा हिशोबही खोटा नाही. लिटरचा डबा चारशेच्या घरात. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये. म्हणजे पंधरा-सोळा जवळची भाडी एका डब्यात गेली. त्यात मजुरी ऐंशी. तो पन्नास ठेवतो. मिस्त्री पन्नास घेतो.

सकाळी १०.१५
पांढरी वॅगन आर. काका निवृत्त. गाडी बाजारात जाते, देवळात जाते, डॉक्टरकडे जाते. महिन्यातून एकदा जेव्हीएलआरने लेकीकडे बोरिवलीला.

‘ऑइल काळं पडलंय हो. तीन हजार झाले. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, ते सांगतात दर तीन हजाराला बदलायचं.’

‘काका, काळं पडणं हे त्याचं कामच आहे.’

पेट्रोलच्या इंजिनात जी घाण होते ती ऑइलने उचलून स्वतःत धरून ठेवायची असते. त्यासाठीच त्यात साफ करणारी द्रव्यं घालतात. हजारभर किलोमीटरमध्ये काळपट झालं तर ते राबतंय असं समजावं. मिस्त्री समोरचा खण उघडायला सांगतो. गाडीची पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी हात न लावलेली. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. छोट्या फेऱ्या, धूळ, थांबत-थांबत चालणं असेल तर त्याच्याही आधी.

‘मागचं कधी केलं होतं?’

काका मोबाईलमध्ये बिल शोधतात. चौदा महिने झाले. म्हणजे बदलायला हवंच. गृहस्थांचं गणित चुकलं, पण काका बरोबर वेळेला आले.

‘मग जाड घाला. वीस-चाळीस. गाडी आता जुनी झाली.’

गाडी २०१९ची आहे. ‘सकाळी चावी फिरवली की ऑइल लगेच वरपर्यंत चढायला पाहिजे,’ मिस्त्री म्हणतो. ‘जाड ऑइल रेंगाळतं. त्या दोन-चार सेकंदांत झीज होते.’ डब्यावरच्या आकड्यांपैकी डब्ल्यूच्या मागचा आकडा थंड इंजिनाचा, पुढचा शंभर डिग्रीला तापलेल्या ऑइलचा. बरीच गिऱ्हाइकं फक्त मोठा आकडा बघतात आणि मोठा म्हणजे चांगला समजतात.

पोरगा इंजिन पाच मिनिटं चालू ठेवतो. कोमट ऑइल पटकन उतरतं, आणि तळाची घाण घेऊन उतरतं. गाडी जॅकवर, मग स्टँडवर. मिस्त्री बाजूने एकदा ढकलून बघतो. हलली नाही की मगच खाली सरकतो. वरचं झाकण आधीच सैल केलंय. तळाच्या नटला पाना लागतो, एक झटका, मग पाना बाजूला. उरलेले आटे तो बोटांनी फिरवतो, नट आत दाबून धरत. शेवटच्या आट्याला मनगट झटकन बाजूला घेतो, तरी ऑइलचा ओघळ कोपरापर्यंत येतोच. काळी धार परातीत पडते. धारेची बारीक रेघ होते, रेघेचे थेंब. घाईचं गॅरेज इथे नट लावून मोकळं होतं. मिस्त्री दहा-बारा मिनिटं थेंब पडू देतो आणि तोवर परातीतलं ऑइल दोन बोटांत चोळतो. धातूची कचकच लागते का ते बघायला. लागत नाही.

जुना फिल्टर पट्ट्याच्या पान्याने सुटतो. नव्याच्या रबरी कडीला तो बोटाने ताजं ऑइल लावतो, हाताने बसवतो. रबर टेकल्यावर पाऊण फेरा. पाना लावत नाही. पाना लावून आवळलेले फिल्टर पुढच्या वेळी त्यालाच काढावे लागतात. नटचा वॉशर नवा, पंधरा रुपयांचा. तोही पुष्कळ ठिकाणी जुनाच बसतो आणि मग पार्किंगमध्ये रोज रुपयाएवढा डाग पडतो.

ऑइल सोळाशे, फिल्टर एकशे तीस, वॉशर पंधरा, मजुरी तीनशे.

‘मजुरी अडीचशे करा.’

सोळाशेवर काका काही बोलत नाहीत. ती किंमत छापलेली असते. मिस्त्रीचं पोट खरं तर तिच्यावरच भरतं. दुकानदार त्याला डब्यामागे जी काही सूट देतो, ती मजुरीला टेकू लावते. म्हणून ऑइल घरून घेऊन येणारं गिऱ्हाईक दिसलं की त्याचा चेहरा जरा उतरतो.

दुपारी १२.२०
भंगारवाला गल्लीत येतो. रिकामा डबा झाकणासकट, लेबलासकट असेल तर दहा रुपये देतो. फुटका असेल तर किलोच्या भावाने, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. असा चांगला डबा पुढे कुठे जातो आणि कशाने भरून परत येतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगा स्क्रू ड्रायव्हर डब्यात आरपार घालतो. नोकरीवर लागला तेव्हा त्याला शिकवलेली ही पहिली गोष्ट. भंगारवाला हसतो. शेजारच्या गॅरेजात त्याला सहा अख्खे डबे मिळतात.

दुपारी १.३०
डबा. भाकरी, वांगं, लसणाची चटणी. पोरगा केरोसीनने हात धुतो, मग साबणाने, तरी वास राहतो. वीस मिनिटांत उरकतं.

दुपारी २.३०
घरोघर जेवण पोचवणारा मुलगा बाईक ढकलत आणतो. ‘पिकअप नाही दादा. रेस करतो तर आवाज येतो, गाडी पुढे जात नाही. चढाला तर संपलंच.’

मिस्त्री बाईकला किक मारतो, गिअरमध्ये टाकतो, क्लच सोडतो. इंजिन गुरगुरतं, चाक आळशी.

‘ऑइल कुणी बदललं?’

थोडा वेळ शांतता. मुलगा मान खाजवतो. त्यानेच बदललं. ऑर्डरची वाट बघत उभ्या असलेल्यांपैकी एकाच्या शेठच्या मोटारीचं फुल सिंथेटिक उरलं होतं. महागाचं आहे, टाक, गाडी उडेल, असं चौघांनी सांगितलं.

मोटारीच्या इंजिनाचं ऑइल क्लचला शिवत नाही. बाईकमध्ये क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये भिजत असतात. मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती बरी, प्लेटांना मात्र घर्षणच हवं असतं. म्हणून बाईकच्या बाटलीवर जासो एमए किंवा एमए-टू असं छापलेलं असतं. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. एका अक्षराचा फरक, आणि तेही बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक.

ऑइल काढलं. बाईकचं घातलं. वीस मिनिटं चालवून आणायला सांगितलं. परत आला तर ते नवंही काढलं आणि पुन्हा भरलं. प्लेटांनी जे पिऊन घेतलंय ते असंच निघतं, निघालं तर. दोन बाटल्यांचे आठशे. मजुरी मिस्त्रीने एकदाच लावली.

‘प्लेटा गेल्या असतील तर?’

‘तर पंधराशेच्या वर जाईल. चार दिवस बघ. नाही घसरली तर वाचलास.’

मुलाचा मोबाईल मध्येच वाजतो. ऑर्डर. तो बिल अर्धं देतो, अर्धं शनिवारी म्हणतो. मिस्त्री वहीत लिहितो.

दुपारी ४.००
मोठी डिझेल गाडी, २०२१ची. मालक अंधेरीला नोकरीला. ऑइलचा डबा स्वतः आणलाय, निम्म्या किमतीत मिळाला म्हणे. घाई नाही, नुसतं बघा म्हणतो. ‘पंधरा-वीस हजारांपर्यंत काही करायची गरज नसते. बाहेरच्या देशांत असंच करतात. आणि माझं तर लेव्हल कमीसुद्धा होत नाही. उलट थोडं वाढलंय. इंजिन मस्त आहे.’

मिस्त्री डिपस्टिक ओढतो. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. तो काडी नाकाशी नेतो, मग न बोलता मालकाच्या नाकाशी धरतो.

डिझेलचा वास.

एप्रिल २०२०पासून बीएस-सिक्सच्या अशा डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी जाळी आली. ती भरली की गाडी जास्तीचं डिझेल जाळून स्वतः साफ करते. त्यासाठी तिला थोडा वेळ सलग पळायला हवं. मुलुंड ते अंधेरी सलग पळणं म्हणजे काय, हे एलबीएसवर मेट्रो-४च्या खांबांखाली उभं राहून कुणीही बघावं. साफसफाई मध्येच तुटते आणि न जळालेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वाढते. ऑइल पातळ होतं. या जाळीला कमी राखेचं ऑइल लागतं. निम्म्या किमतीच्या डब्यावर तसं काही लिहिलेलं नाही.

‘साहेब, बाहेरच्या देशात गाडी पळते. आपल्याकडे ती उभी राहून चालू असते.’

मालक हुशार आहे, लगेच मोबाईलवर गणित मांडतो. ताशी साठने दहा हजार किलोमीटर केले तर इंजिन पावणेदोनशे तासांच्या आत चालतं. ताशी पंधराने तेवढेच केले तर साडेसहाशेच्या वर. आकडा बघून तो स्वतःच म्हणतो, ‘अरे!’

आणलेला डबा परत डिकीत. योग्य ऑइल दुकानातून मागवलं. वर मिस्त्रीचा सल्ला, हा फुकट: रविवारी शहापूरपर्यंत एका दमात जाऊन या. मुलुंडचा टोलही ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना नाही.

संध्याकाळी ५.५०
निळा ड्रम गळ्यापर्यंत आलाय. जळकं ऑइल घ्यायला दोघे येतात. एकाकडे परवान्याचा कागद आहे, तो ते शुद्ध करणाऱ्या कारखान्याला देतो. २०१६च्या नियमांनी हा घातक कचरा ठरतो, त्यामुळे द्यायचं ते अशालाच. दुसऱ्याकडे कागद नाही, लिटरमागे तीन-चार रुपये जास्त आहेत. ते ऑइल बांधकामांवर शटरिंगच्या पाट्यांना चोपडलं जातं. मुलुंडमध्ये टॉवर किती उभे राहतायत ते गल्लीतूनही दिसतं. आज कागदवाला आधी आला, म्हणून त्याला मिळालं.

चाळीतल्या एक आजी कोकच्या बाटलीत पावभर मागून नेतात. गावच्या घराच्या खांबांना वाळवी लागलीय. मिस्त्री नाही म्हणत नाही. स्वतःच्या घरीही त्याने तेच केलंय.

संध्याकाळी ७.१०
मिस्त्रीला साधू समजण्याचं कारण नाही. एक बाई आपली स्विफ्ट घेऊन येतात आणि तो त्यांना इंजिन फ्लशची अडीचशेची बाटली घ्यायला लावतो. ‘आतून साफ होईल ताई.’ वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीला त्याची गरज नसते, हे त्याला चांगलं माहीत आहे. बाटलीमागे त्याला सत्तर-ऐंशी सुटतात. पोरगा माझ्याकडे बघतो, मी ड्रमकडे बघतो.

रात्री ८.१५
पाने केरोसीनमध्ये पुसून भिंतीवर. फ्लेक्स झटकून गुंडाळलेला. मिस्त्री वही काढतो. पाच गाड्या, शनिवारची उधारी, दुकानदाराचे द्यायचे. बाहेर पाऊस पुन्हा धरलाय.

फोन कुर्ल्याहून. जुनं गिऱ्हाईक. एलबीएसवर पाण्यात गाडी बंद पडली, आता पाणी उतरलंय.

‘मित्र म्हणतोय दोन-तीनदा स्टार्टर मार, पाणी आपोआप बाहेर पडेल.’

‘चावीला हात लावू नका. मित्राच्याही हातात देऊ नका. डिपस्टिक काढा, फोटो पाठवा.’

फोटो येतो. काडीवरचं ऑइल दुधाळ चहासारखं. मिस्त्री स्क्रीन पोराला दाखवतो, तो ओळखतो, ‘पाणी.’

‘उद्या टोइंग करून इकडेच आणा,’ मिस्त्री फोनवर सांगतो. ‘दोनदा बदलावं लागेल, कदाचित तीनदा. स्वस्तातलं चालेल पहिल्या दोन वेळेला, ते नुसतं धुवायला.’

मग वहीत उद्याच्या पानावर लिहितो: ऑइल बारा लिटर, फिल्टर तीन, एअर फिल्टर एक. थोडं थांबून खाली अजून एक ओळ. पोऱ्याला सकाळी आठला बोलावणे.