बहुगुणी विद्यार्थी आणि व्यवसायाची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अनेक विषयांत सारखीच गती आणि सारखीच गोडी असण्याला मानसशास्त्रात ‘बहुक्षमता’ म्हणतात. दहावीच्या निकालानंतर अशा विद्यार्थ्यांना सल्ल्यांची वाण पडत नाही. मात्र त्यांतील बरेचसे सल्ले पुढील तीन गैरसमजांवर उभे असतात.

गैरसमज : सर्व विषयांत नव्वदच्या वर गुण म्हणजे सर्व विषयांत सारखी क्षमता.

वस्तुस्थिती : परीक्षा सोपी असली की हुशार मुलाचे सर्वच गुण कमाल मर्यादेला जाऊन टेकतात आणि त्याच्या क्षमतांमधील फरक झाकला जातो, यालाच ‘छत-परिणाम’ म्हणतात. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची ‘सॅट’ परीक्षा देण्यात आली, तेव्हा त्यांच्या गणिती व भाषिक क्षमतांमधील अंतर उघड झाले. याच परंपरेतील १९९६ च्या एका शोधनिबंधानुसार, क्षमता, आवड आणि मूल्ये एकत्र तपासली असता सर्वच बाबतींत समान आलेख असलेली मुले शंभरांत पाचांहूनही कमी निघाली.

गैरसमज : सायन्स घेतले की सगळ्या वाटा खुल्या राहतात.

वस्तुस्थिती : अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी सायन्स लागते हे खरे आहे, परंतु पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम किंवा ‘यूसीड’ परीक्षेद्वारे मिळणारा आयआयटी मुंबईचा डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे. शिवाय सकाळी कॉलेज, दुपारी क्लास आणि रविवारी टेस्ट सिरीज अशा दोन वर्षांत गाणे शिकणाऱ्या मुलाचा तानपुरा कपाटावर चढतो आणि रियाजाची वाट, कोणी बंद न करताही, अरुंद होत जाते.

गैरसमज : एक निवडले की बाकीचे सोडावेच लागते.

वस्तुस्थिती : गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती होते आणि इतिहासकारही. नाणे हातोहात फिरताना झिजते, त्यामुळे जुन्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे उमटवलेल्या नाण्यांचा, कालक्रम संख्याशास्त्राने लावला. दोन विद्या अशा एकत्र येतात, तशा एकीमागून एक अशाही येऊ शकतात : डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली आहे.

म्हणून शाखेच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी मुलाला प्रत्येक आवडत्या विषयात इयत्तेहून दोन वर्षे पुढचे काम करून पाहू द्यावे. गुणपत्रिकेने झाकलेला फरक तेथे दिसू लागतो.